तोंडून गेलेला शब्द, हातून गेलेली नोकरी

ऑगस्ट २००६. कोलंबोच्या पी. सारा ओव्हल मैदानावर श्रीलंका आणि दक्षिण आफ्रिका यांच्यातली कसोटी रंगात आली होती. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम आमलाने कुमार संगकाराचा झेल घेतला. समालोचन कक्षात ऑस्ट्रेलियाचा माजी फलंदाज डीन जोन्स बसला होता. जाहिराती सुरू झाल्या असं समजून तो बोलून गेला की, दहशतवाद्याला आणखी एक बळी मिळाला. दक्षिण आफ्रिकेत त्या क्षणी जाहिराती लागलेल्याच नव्हत्या, त्यामुळे तिथल्या घराघरांत ते वाक्य ऐकू गेलं. टेन स्पोर्ट्सने जोन्सला ताबडतोब कामावरून काढलं. माफी मागून तो मायदेशी परतला.

आमला डरबनचा, गुजराती वंशाचा, श्रद्धाळू मुसलमान. लांब दाढी राखणारा आणि दारूच्या कंपनीचं चिन्ह शर्टावर लावायला नकार देणारा. त्या झेलाशी यातल्या कशाचाच संबंध नव्हता. मुंबईच्या लोकल गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट होऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता. दाढीवाल्या माणसाकडे संशयाने बघण्याचे ते दिवस होते. जोन्सच्या तोंडून ती नजर बोलली.

अशा वक्तव्याला आपण बेजबाबदार किंवा असभ्य म्हणतो आणि पुढे जातो. मला ते अपुरं वाटतं. समोर घडतंय ते नीट बघून सांगणं हेच समालोचकाचं काम आहे. झेल सोडून ज्याला दाढी दिसली, त्याने आधी आपल्या कामातच चूक केली. गेल्या चार दशकांत जगभर ज्या समालोचकांना असं घरी जावं लागलं, त्यांच्या प्रकरणांत हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते.

माइक बंद आहे, असं वाटतं तेव्हा

जोन्ससारखी प्रकरणं इतकी का घडतात, हे समजण्यासाठी प्रक्षेपणाची रचना थोडी जाणून घ्यायला हवी. आंतरराष्ट्रीय सामन्याची चित्रं आणि समालोचकांचा आवाज बहुतेक वेळा एकच यंत्रणा तयार करते. तिथून ते अनेक देशांतल्या वाहिन्यांकडे जातं आणि प्रत्येक वाहिनी आपापल्या सोयीने जाहिराती घालते. भारतात साबणाची जाहिरात लागलेली असताना दुसऱ्या देशात मैदानावरचं चित्र आणि कक्षातला आवाज चालूच असू शकतो. समालोचकासमोर आवाज तोडायचं बटण असतं, पण ते खोकला आला तर किंवा निर्मात्याशी बोलायचं असेल तर दाबायचं. दिवसभर शेजारच्याशी गप्पा मारणाऱ्या माणसाला त्याची आठवण राहत नाही.

इंग्लंडमधलं रॉन ॲटकिन्सनचं प्रकरण अगदी असंच आहे. एप्रिल २००४ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात मोनॅकोने चेल्सीला ३-१ असं हरवलं. सामना संपल्यावर ॲटकिन्सनने चेल्सीचा कृष्णवर्णीय बचावपटू मार्सेल देसाइयीबद्दल अत्यंत हीन वांशिक शिवी वापरली. ब्रिटनमधलं प्रक्षेपण थांबलं होतं, पण मध्यपूर्वेतल्या काही देशांत आवाज पोहोचत होता. त्याने आयटीव्हीचा राजीनामा दिला आणि एका वृत्तपत्रातला त्याचा स्तंभही बंद झाला.

या माणसाचा आधीचा इतिहास मात्र विसरता येत नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, जेव्हा इंग्लिश मैदानांवर कृष्णवर्णीय खेळाडूंच्या अंगावर केळी फेकली जात होती, तेव्हा वेस्ट ब्रॉमविच ॲल्बियनचा व्यवस्थापक म्हणून ॲटकिन्सन सिरिल रेजिस, लॉरी कनिंगहॅम आणि ब्रेंडन बॅटसन या तिघांना एकाच संघातून नियमित खेळवत होता. इंग्लिश फुटबॉलमध्ये ते फार मोठं पाऊल होतं. ज्याने दारं उघडली त्याच्याच तोंडात ती शिवी होती. माणसं अशी एकसंध नसतात, आणि म्हणूनच ‘तो वंशद्वेष्टा आहे का’ हा प्रश्न मला फारसा उपयोगी वाटत नाही. त्या दिवशी तो काय बोलला, याचं उत्तर तरी स्पष्ट देता येतं.

जानेवारी २०११ मध्ये स्काय स्पोर्ट्सच्या अँडी ग्रे आणि रिचर्ड कीज या जोडीने वुल्व्हज आणि लिव्हरपूल यांच्या सामन्याआधी, माइक बंद आहे असं समजून, सहायक पंच शियान मॅसी यांची टिंगल केली. बाईला ऑफसाइडचा नियम कुणीतरी समजावून सांगायला हवा, असा त्यांचा सूर होता. त्याच सामन्यात लिव्हरपूलच्या पहिल्या गोलआधी ऑफसाइडचा अतिशय चुरशीचा निर्णय मॅसींना द्यावा लागला. चित्रफीत थांबवून पाहिल्यावर दिसलं की त्यांचा निर्णय अचूक होता. ग्रे यांची आणखी एक आक्षेपार्ह चित्रफीत बाहेर आल्यावर वाहिनीने त्यांना काढलं. दुसऱ्या दिवशी कीज यांनी राजीनामा दिला. दोघंही पुढे दोह्यातल्या क्रीडावाहिनीवर स्थिरावले. मॅसी पंचगिरी करत राहिल्या आणि २०१७ मध्ये त्यांना एमबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला.

उघडपणे मांडलेलं मत

काही जण मात्र माइक चालू आहे हे पुरतं ठाऊक असताना बोलले. अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर जिमी ‘द ग्रीक’ स्नायडर अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांचे अंदाज सांगायचा. १५ जानेवारी १९८८ रोजी, म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जन्मदिनी, वॉशिंग्टनच्या एका रेस्टॉरंटमध्ये त्याला एका वार्ताहराने गाठलं. क्रीडाक्षेत्रातल्या कृष्णवर्णीयांच्या प्रगतीबद्दल त्याने विचारलं. स्नायडर म्हणाला की, गुलामगिरीच्या काळात मालकांनी धिप्पाड पुरुष आणि धिप्पाड स्त्रिया यांची जोडी लावून संतती वाढवली, म्हणून कृष्णवर्णीय खेळात सरस आहेत. उद्या प्रशिक्षकपदंही त्यांच्याकडे गेली तर गोऱ्यांना काही उरणार नाही. दुसऱ्याच दिवशी सीबीएसने त्याला काढलं.

आपण कौतुक करतो आहोत, असं स्नायडरला वाटत असण्याची शक्यता आहे. खेळाडू पहाटे उठून वर्षानुवर्षं सराव करतो, डावपेच शिकतो, दुखापती सोसतो. त्या सगळ्याचं श्रेय काढून घेऊन गुलामांच्या मालकाला देणं, हा या कौतुकाचा अर्थ होता. त्याच्या नऊ महिने आधी, एप्रिल १९८७ मध्ये, लॉस एंजेलिस डॉजर्स या बेसबॉल संघाचे अधिकारी अल कॅम्पानिस यांनी एबीसीच्या कार्यक्रमात म्हटलं होतं की संघ चालवायला लागणारे काही गुण कदाचित कृष्णवर्णीयांत नसावेत. कार्यक्रम होता कृष्णवर्णीय बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनच्या पदार्पणाला चाळीस वर्षं झाल्याचा. कॅम्पानिस यांनाही पद सोडावं लागलं. ही दोन्ही विधानं एकमेकांना जोडून वाचली की पूर्ण चित्र दिसतं: शरीर त्यांचं, डोकं आमचं.

कॅनडातला डॉन चेरी हा आइस हॉकीचा सर्वांत लोकप्रिय टीव्ही चेहरा. जवळपास चार दशकं शनिवारी रात्री त्याचं बोलणं ऐकल्याशिवाय तिथल्या अनेक घरांत हॉकी पूर्ण होत नसे. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी त्याने तक्रार केली की, बाहेरून आलेले ‘तुम्ही लोक’ आमच्या देशाची सुखं उपभोगता, पण हुतात्म्यांच्या स्मरणासाठी दोन डॉलरचं पॉपीचं फूल विकत घेत नाही. टोरांटो आणि मिसिसागा ही नावं त्याने घेतली. ११ नोव्हेंबरला, नेमक्या स्मरणदिनी, स्पोर्ट्सनेटने त्याला काढलं. त्याचं वय तेव्हा ८५ होतं. त्याने माफी मागितली नाही. शेजारी बसून अंगठा उंचावणाऱ्या रॉन मॅक्लीनने मागितली आणि तो टिकला.

मिसिसागामध्ये मराठी कुटुंबंही राहतात, म्हणून एक गोष्ट इथे नोंदवणं मला आवश्यक वाटतं. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक परदेशी लढायला गेले. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे तिथेच धारातीर्थी पडले. ते फूल ज्यांच्या स्मरणार्थ आहे, त्यांत आपलीही माणसं आहेत. चेरीला हे ठाऊक असतं तर त्याला ते वाक्य बोलता आलं नसतं.

निसटलेला शब्द

सगळ्यांत अवघड प्रकरणं याच गटातली. मे २०२३ मध्ये ओकलंड ॲथलेटिक्सचा समालोचक ग्लेन क्यूपर कॅन्सस सिटीतल्या नीग्रो लीग्ज बेसबॉल संग्रहालयाला भेट देऊन आला आणि प्रक्षेपणात त्या भेटीबद्दल कौतुकाने बोलू लागला. संग्रहालयाचं नाव घेताना त्याच्या तोंडून ‘नीग्रो’ऐवजी वांशिक शिवी उमटली. त्याच सामन्यात त्याने माफी मागितली. संग्रहालयाचे अध्यक्ष बॉब केंड्रिक यांनी जाहीरपणे त्याला क्षमा केली. तरीही दोनेक आठवड्यांनी वाहिनीने त्याला काढलं. अंतर्गत चौकशीत मिळालेली माहितीही निर्णयात धरली आहे, एवढंच वाहिनीने सांगितलं. ती माहिती काय होती हे प्रेक्षकांपुढे आलं नाही, आणि मला हीच गोष्ट खटकते. ज्याची आयुष्यभराची कमाई जाते त्याला आणि ज्यांचा अपमान झाला त्यांनाही, निर्णय कशावर आधारला आहे हे कळायला हवं.

२०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये डग ॲडलरने व्हीनस विल्यम्सच्या अचानक पुढे येऊन केलेल्या चढाईचं वर्णन करताना, त्याच्या म्हणण्यानुसार, ‘गनिमी काव्याचा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरला. तो शब्द आणि गोरिला या वानराचं नाव इंग्रजी उच्चारात जवळपास सारखे. ईएसपीएनने त्याला काढलं. तो न्यायालयात गेला आणि पुढे तडजोड झाली. वाक्याचा संदर्भ पाहिला तर ॲडलरचं म्हणणं मला पटतं. पण कृष्णवर्णीय माणसांना माकड म्हणण्याचा जो दीर्घ आणि क्रूर इतिहास आहे, तो ऐकणाऱ्याच्या कानात आधीपासून असतो, हेही तितकंच खरं.

याच्या शेजारी ईसा गुहाचं उदाहरण ठेवावं. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेन कसोटीत जसप्रीत बुमराचं भरभरून कौतुक करताना इंग्लंडच्या या माजी गोलंदाजाने माणूस आणि माकडं ज्या प्राणिवर्गात येतात त्याचं नाव वापरलं. २००८ च्या सिडनी कसोटीनंतर ‘माकड’ या शब्दावरून उसळलेल्या ‘मंकीगेट’ वादाची आठवण असलेल्या भारतीय प्रेक्षकांना ते बोचलं. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी ईसाने थेट प्रक्षेपणात माफी मागितली. शब्द चुकला हे सरळ मान्य केलं. बाजूला उभ्या असलेल्या रवी शास्त्रींनी तिच्या धैर्याचं कौतुक केलं. तिचं काम गेलं नाही, आणि जायला नकोच होतं.

निर्णय इतका झटपट का होतो?

समालोचक हा बहुतेक वेळा पगारी नोकर नसतो. मालिकेपुरता किंवा हंगामापुरता करार असतो आणि वाहिनीच्या प्रतिष्ठेला धक्का बसेल असं वर्तन केल्यास करार संपवता येईल, अशी तरतूद अनेकदा त्यात असते. त्यामुळे त्याला काढायला कारखान्यातल्या कामगारासारखी खातेनिहाय चौकशी लागत नाही.

दुसरं कारण जाहिरातदार. एप्रिल २००७ मध्ये डॉन आयमस या रेडिओ निवेदकाने, ज्याचा कार्यक्रम एमएसएनबीसी टीव्हीवरही दाखवत असे, रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघातल्या मुलींबद्दल वंश आणि स्त्रीत्व दोन्हींचा अपमान करणारा शेरा मारला. आदल्याच दिवशी त्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना खेळल्या होत्या. सुरुवातीला आयमसला दोन आठवड्यांच्या निलंबनावर सोडायचं ठरलं होतं. मग प्रशिक्षक व्हिव्हियन स्ट्रिंगर आणि त्या मुली पत्रकारांसमोर बसल्या. कोणी वाद्य वाजवतं, कोणी डॉक्टर होऊ पाहतं, अशी ती खरीखुरी माणसं देशाने पाहिली. मोठमोठे जाहिरातदार बाहेर पडू लागले. सुमारे आठवडाभरात रेडिओ आणि टीव्ही अशा दोन्ही कंपन्यांनी आयमसचा कार्यक्रम बंद केला.

पण आयमसच्या वकिलांनी पुढे दाखवलेली बाब महत्त्वाची आहे. त्याच्याकडून बेधडक, वादग्रस्त बोलणंच अपेक्षित असल्याचं करारात नमूद होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरण तडजोडीने मिटलं आणि डिसेंबरमध्ये तो दुसऱ्या केंद्रावर परतलाही. जिभेच्या धारेसाठी माणूस घ्यायचा, त्या धारेवर वर्षानुवर्षं नफा कमवायचा आणि ती महागात पडू लागली की हात झटकायचे, या व्यवहारात नैतिकता शोधणं कठीण आहे. अशा हकालपट्टीनंतर निर्माते, संपादक आणि वाहिनीचे प्रमुख जागच्या जागी असतात. अपवाद क्वचित. २०१० मध्ये फॉक्स वाहिनीवर, विमानात मुस्लिम पेहरावातली माणसं पाहून आपण अस्वस्थ होतो, असं म्हणणाऱ्या हुआन विल्यम्सला एनपीआर या अमेरिकी सार्वजनिक रेडिओने केवळ फोनवरून काढलं. त्या घाईची चौकशी झाली आणि फोन करणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्याला पद सोडावं लागलं. विल्यम्सला दरम्यान फॉक्सने मोठा करार दिला होता.

आरोप सिद्ध व्हायच्या आधी

इंग्लंडचा माजी कर्णधार मायकेल वॉन समालोचनात काय बोलला, हा प्रश्नच नव्हता. यॉर्कशायरचा माजी फिरकी गोलंदाज अझीम रफिक याने आरोप केला की २००९ मधल्या एका सामन्याआधी वॉन आशियाई वंशाच्या चार खेळाडूंना उद्देशून, तुमच्यासारखे फार झालेत, अशा अर्थाचं बोलला. वॉनने ते सतत नाकारलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये बीबीसीने त्याला ॲशेसच्या समालोचनातून बाजूला केलं. मार्च २०२३ मध्ये क्रिकेट शिस्तपालन आयोगाने आरोप सिद्ध होत नसल्याचा निर्वाळा दिला आणि तो परतला. रफिकला मात्र धमक्यांमुळे कुटुंबासह इंग्लंड सोडावं लागलं. चौकशी होईपर्यंत बाजूला ठेवणं आणि कायमचं काढणं यांत वाहिन्यांनी स्पष्ट फरक करायला हवा. तक्रार करणाऱ्याच्या सुरक्षिततेची जबाबदारीही कुणीतरी घ्यायला हवी. या प्रकरणात दोन्ही नीट झालं नाही.

ज्यासाठी कुणालाच काढत नाहीत

शिवी ऐकू येते, म्हणून शिक्षा होते. रोजच्या वर्णनात मुरलेला पूर्वग्रह ऐकूच येत नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेच्या सहकार्याने ‘रनरिपीट’ने चार युरोपीय लीगमधल्या ८० सामन्यांचं इंग्रजी समालोचन तपासलं. बुद्धीबद्दलच्या कौतुकातला ६० टक्क्यांहून अधिक वाटा उजळ वर्णाच्या खेळाडूंना मिळाला होता. ताकदीचा उल्लेख मात्र सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या खेळाडूंच्या बाबतीत सहा पटींहून अधिक होता. यातलं एकही वाक्य आक्षेपार्ह म्हणून कुणी उचललं नसतं. स्नायडरला ज्या विचारासाठी काढलं, तोच विचार तीस वर्षांनंतर सभ्य शब्दांत चालू होता.

क्रिकेटचंही तसंच. वेस्ट इंडिजच्या अत्यंत शिस्तबद्ध संघाला ‘कॅलिप्सो क्रिकेट’ म्हणजे मौजमजेचा खेळ म्हणणं, ही जुनी खोड. डावखुऱ्या मनगटी फिरकीला मराठी समालोचनातही आपण सर्रास ‘चायनामन’ म्हणत आलो. १९३३ च्या मँचेस्टर कसोटीत चिनी वंशाच्या एलिस अचाँगकडून बाद झालेल्या इंग्लिश फलंदाजाने काढलेल्या तुच्छतेच्या उद्गाराशी तो शब्द जोडला जातो. ‘विस्डेन’ने २०१८ पासून तो वापरणं थांबवलं. कुलदीप यादवची गोलंदाजी त्या शब्दाशिवाय उत्तम समजावून सांगता येते.

आपल्याकडे काय घडतं?

भारतात समालोचकांची कामं जातात, पण पूर्वग्रहासाठी गेल्याचं सहसा दिसत नाही. २०१६ मध्ये हर्षा भोगलेला आयपीएलमधून वगळलं गेलं आणि कारण अधिकृतपणे सांगितलं गेलं नाही. मुंबईचा संजय मांजरेकर २०२० मध्ये भारतीय क्रिकेट मंडळाच्या पॅनलबाहेर गेला. आदल्या वर्षी रवींद्र जडेजाच्या खेळाबद्दलच्या त्याच्या शेऱ्यावरून बराच वाद झाला होता. खेळावरची टीका इथे महागात पडू शकते. उलट मार्च २०२५ मध्ये जोफ्रा आर्चरने आयपीएलमध्ये चार षटकांत ७६ धावा दिल्या, तेव्हा हिंदी समालोचनात हरभजन सिंगने त्याची तुलना लंडनच्या काळ्या टॅक्सीच्या मीटरशी केली. प्रेक्षकांनी कारवाईची मागणी केली, पण तो समालोचन करत राहिला. त्याला काढायलाच हवं होतं असं मी म्हणणार नाही. ईसाने मागितली तशी माफी मात्र प्रेक्षकांना आणि आर्चरला मिळायला हवी होती.

वृत्तवाहिन्यांवरच्या चर्चांत तर एखाद्या समाजाला लक्ष्य करणं ही चूक मानली जात नाही. तिथे शिक्षा झालीच तर दंडाची. ऑक्टोबर २०२२ मध्ये वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने, म्हणजे एनबीडीएसएने, हिजाबवरच्या एका चर्चेसाठी एका हिंदी वाहिनीला ५० हजार रुपये दंड केला. या संस्थेच्या दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये माध्यमांच्या समांतर खटल्यांवर दिलेल्या निकालाविरुद्धचं अपील ऐकताना, ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रक्कम अपुरी असल्याचं सांगितलं.

नियम तसे आहेत. केबल टीव्ही कायद्याखालच्या कार्यक्रम संहितेत धर्म आणि समाजांवर हल्ला करणारे शब्द, स्त्रियांची अप्रतिष्ठा आणि वांशिक, भाषिक किंवा प्रादेशिक गटांची हेटाळणी यांना मनाई आहे. ती क्रीडावाहिन्यांनाही लागू होते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार कोणताही प्रेक्षक आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करू शकतो आणि वाहिनीने १५ दिवसांत तिचा निकाल लावायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे अपील करता येतं आणि त्यानंतर केंद्र सरकारच्या समितीकडे. तक्रारीत वाहिनीचं नाव, तारीख, वेळ आणि बोललेलं वाक्य शक्य तितकं जसंच्या तसं लिहावं. २०२३ मध्ये आयपीएलचं समालोचन जिओसिनेमाने मराठीतही सुरू केलं, गावोगावच्या टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा यूट्यूबवर थेट दिसतात आणि तिथे बोलणारी बरीच मुलं कोणत्याही प्रशिक्षणाविना माइक हातात घेतात. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी त्यांना खेळाच्या नियमांसोबत एवढं सांगून ठेवावं, की खेळाडूची जात, रंग, धर्म आणि गाव बाजूला ठेवून चेंडू कुठे पडला आणि बॅट कशी आली तेवढं बोला.